बुऱ्हाणपूरचे अली मुत्तकी : तापीकाठचे हदीस-संकलक

सेम्बावांगमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांचे शेजारी बहुतेक वेळा चिनी, मलय किंवा तमिळ असतात. अ‍ॅडमिरल्टी लेनवरील अस्स्याफाआह मशीद (२००४ साली उघडलेली, घुमट नसलेली, जाळीदार नक्षीची) आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. मलय शेजाऱ्यांच्या बोलण्यात 'हदीस' हा शब्द वारंवार येतो. मुलांच्या वर्गमित्रांच्या तोंडीही तो असतो. आपली मुले घरी येऊन विचारतात, "हदीस म्हणजे काय? ते कुराणच का?" पुष्कळ घरांत या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही.

म्हणून या माहितीपर लेखात आम्ही एका हदीस-पंडिताचे चरित्र देत आहोत. त्यासाठी अरबस्तानातले किंवा बुखाऱ्याचे नाव घ्यायची गरज नाही. हदीसशास्त्रातील एक अतिप्रचंड संग्रह ज्यांनी रचला, ते अली मुत्तकी आपल्या खानदेशच्या सीमेवरचे, बुऱ्हाणपूरचे. अरबी ग्रंथांत त्यांचे नाव 'अली अल-मुत्तकी अल-हिंदी' असे येते, तर काही ठिकाणी 'अल-बुर्हानफूरी' असेही. अरबी लिपीत 'प' नाही, त्यामुळे आपल्या 'पूर'चे तिथे 'फूर' झाले!

आधी थोडे हदीसविषयी

कुराण हा इस्लाम धर्माचा मूळ ग्रंथ. हदीस म्हणजे प्रेषित महंमद (सुमारे ५७० ते ६३२) काय बोलले, कसे वागले, आणि त्यांच्यासमोर घडलेल्या कोणत्या गोष्टीला त्यांनी मूक संमती दिली, याची नोंद. प्रेषितांच्या सोबत्यांनी ('सहाबा') ती पाहिली किंवा ऐकली, पुढच्या पिढीला सांगितली, त्या पिढीने त्यापुढच्या पिढीला सांगितली. असे दोनशे-अडीचशे वर्षे चालले. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला, की यातले खरे कोणते आणि मागाहून कुणी घुसडलेले कोणते?

या प्रश्नातून एक शास्त्रच तयार झाले. प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात. पहिला भाग 'इस्नाद', म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले त्या नावांची साखळी. दुसरा 'मतन', म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. मुहद्दिस, म्हणजे हदीसचा अभ्यासक, आधी साखळी तपासतो. ही दोन माणसे एका काळात होती का? त्यांची भेट झाली होती का? सांगणारा विश्वासू होता का? त्याची स्मरणशक्ती चांगली होती का? या कसोट्यांवर हदीस 'सहीह' (खात्रीची), 'हसन' (चांगली), 'झईफ' (दुबळी) किंवा 'मौजू' (बनावट) ठरते. नवव्या शतकातील इमाम बुखारी (मृत्यू ८७०) आणि इमाम मुस्लिम (मृत्यू ८७५) यांचे संग्रह सर्वांत विश्वसनीय मानले जातात. सुन्नी परंपरेत असे सहा संग्रह प्रमुख आहेत.

मराठी वाचकांना ही पद्धत अगदी परकी वाटू नये. श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात हेच केले होते. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे मूळ पोथी गमावल्यावर अनुयायांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली गेली आणि पाठभेद सांगणाऱ्यांच्या नावांसह नोंदले गेले. केशिराजबासांनी त्यातली वचने निवडून 'सूत्रपाठ' लावला. आठवणी गोळा करणे हे एक काम आणि त्या वापरता येतील अशा लावणे हे दुसरे. अली मुत्तकींचे मोठेपण या दुसऱ्या कामात आहे.

बुऱ्हाणपूर : गाव आणि काळ

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. २००३ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेरच्या पुढे गाडी गेली, की थोड्याच वेळात ते येते. राज्याची सीमा मधे असली तरी गावाचा इतिहास खानदेशाचाच. फारुकी सुलतानांची राजधानी आधी धुळे जिल्ह्यातील थाळनेरला होती. नासिरखान फारुकीने १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर काठावर हे शहर वसवले आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. त्यांची समाधी आपल्या वेरूळजवळच्या खुलताबादला आहे. समोरच्या काठावरील झैनाबादचे नावही खुलताबादच्याच झैनुद्दीन शिराझींवरून पडले. म्हणजे गावाचे नावच महाराष्ट्रातून गेलेले!

पुढे १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बुऱ्हाणपूर मोगलांच्या दक्षिण कारभाराचे ठाणे झाले. १६३१ मध्ये मुमताज महलचे निधन इथेच झाले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने हा मुलूख पेशव्यांना दिला. ही सर्व माहिती आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलेली असेल. मात्र पंधराव्या-सोळाव्या शतकातील बुऱ्हाणपूर हे विद्येचेही केंद्र होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

बालपण आणि तरुणपण

अली यांचा जन्म बुऱ्हाणपूरला हिजरी ८८५, म्हणजे सुमारे १४८० साली झाला. वडिलांचे नाव हुसामुद्दीन. घराणे मूळचे जौनपूरचे. अली सात-आठ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना शाह बाजन यांच्या पायाशी नेले. शाह बाजन हे बुऱ्हाणपूरचे वयोवृद्ध चिश्ती सूफी. लोकांच्या बोलीत पदे रचणारे म्हणून ते प्रसिद्ध होते. थोड्याच काळाने वडील वारले.

पोरक्या झालेल्या तरुण अलींनी आधी संसारी माणसाचीच वाट धरली. माळव्यात मांडूच्या दरबारी नोकरी केली, थोडा पैसाही मिळवला. पण त्यात मन रमेना. नोकरी सोडून ते परत आले आणि शाह बाजन यांचे पुत्र अब्दुल हकीम यांच्याकडून चिश्ती परंपरेचा खिरका (दीक्षेचे वस्त्र) घेतला. तिथून ते थेट मुलतानला गेले. मुलतानचे हुसामुद्दीन मुत्तकी हे कडक आचाराचे विद्वान होते. त्यांच्याजवळ दोन वर्षे राहून अलींनी कुराणावरील भाष्याचा अभ्यास केला. 'मुत्तकी' म्हणजे ईश्वराला भिऊन, जपून वागणारा. हे बिरुद पुढे त्यांच्या नावाचाच भाग बनले.

प्रवासात ते शक्यतो कुणाकडून काही घेत नसत. स्वयंपाक स्वतः करत आणि ग्रंथांच्या नकला करून पोट भरत. हस्ताक्षर उत्तम होते. ही नकलाकाराची सवय त्यांना जन्मभर पुरली.

राजा दारात येतो तेव्हा

मुलतानहून ते गुजरातेत अहमदाबादला आले. तेव्हा गुजरातच्या गादीवर बहादुरशाह (कारकीर्द १५२६ ते १५३७) होता. सुलतानाला त्यांच्या भेटीची इच्छा होती, पण अली मुत्तकी भेट देईनात. अखेर एका काझींनी मध्यस्थी केली. मुत्तकींचे म्हणणे असे, की राजाच्या अंगावर किंवा वागण्यात धर्माविरुद्ध काही दिसले तर आपल्याला गप्प बसता येणार नाही. सुलतानाने हे मान्य केले आणि तो आला. मुत्तकींनी जे सांगायचे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी दरबारातून मोठी रक्कम आली. त्यांनी ती जशीच्या तशी त्या काझींना देऊन टाकली. भेट तुमच्यामुळे झाली, तेव्हा हे तुमचेच, असा हिशेब!

ही हकीगत दिल्लीचे विद्वान शेख अब्दुल हक यांनी नोंदवली आहे. अली मुत्तकींच्या शिष्याजवळ ते स्वतः मक्केत शिकले होते, त्यामुळे त्यांची माहिती एकाच पिढीच्या अंतरावरची आहे. हदीसच्या भाषेत सांगायचे तर साखळी आखूड आहे!

मक्केतील घर

१५३५ मध्ये हुमायूनने गुजरातवर चढाई केली आणि बहादुरशाहाचे राज्य विस्कटले. या धामधुमीच्या सुमारास अली मुत्तकी हेजाझला गेले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीचा विचार करू लागतो. मुत्तकी मात्र पुन्हा विद्यार्थी झाले. इजिप्तचे अबुल हसन अल-बकरी यांच्याकडे ते हदीस शिकले. शाफिई पंथाचे नामांकित विद्वान इब्न हजर अल-हैतमी (मृत्यू १५६७ च्या सुमारास) हेही त्यांचे गुरू. पुढे याच गुरूंनी मुत्तकींकडून सूफी खिरका घेतला, म्हणजे गुरू शिष्याचा शिष्य झाला.

मक्केतील त्यांच्या घराचे वर्णन इजिप्तचे सूफी लेखक अब्दुल वहाब शारानी यांनी केले आहे. १५४० च्या सुमारास ते यात्रेला आले तेव्हा दोघांची भेट झाली होती. उपासाने अंग इतके वाळलेले की मांस म्हणून दिसत नव्हते. बोलणे फार थोडे. घराभोवती लहान लहान खोल्या, प्रत्येक खोलीत एक फकीर आपापल्या साधनेत. मुत्तकींनी स्वतः लिहिलेले एक कुराण शारानींना दाखवले. अक्षर इतके बारीक, की संपूर्ण कुराण एकाच कागदावर मावले होते.

घर लहान असले तरी व्याप मोठा होता. हिंदुस्थानातून येणाऱ्या यात्रेकरूंना आणि गरीब विद्यार्थ्यांना तिथे आधार मिळे. मुत्तकी स्वतःच्या हाताने शाई तयार करून विद्यार्थ्यांना देत. दुर्मीळ ग्रंथ हाती आला, की त्याच्या अनेक नकला करवून घेत आणि ज्या देशात तो ग्रंथ नसेल तिथे पाठवत. छापखाना नसलेल्या काळात ग्रंथ टिकवायचे तर हाच उपाय होता. आमच्या मते हे काम त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांइतकेच मोलाचे आहे.

गुजरातचा सुलतान महमूदशाह तिसरा (कारकीर्द १५३७ ते १५५४) त्यांना फार मानत असे. त्याच्या काळात मुत्तकी दोनदा गुजरातला येऊन गेले, पण दरबारी राहिले नाहीत. १५६७ साली (हिजरी ९७५) मक्केतच त्यांचे निधन झाले. चांद्र वर्षांच्या हिशेबाने वय ९० होते.

'कन्झुल उम्माल' : काय आहे आणि कसा रचला?

अली मुत्तकींच्या नावावर लहानमोठ्या अनेक रचना आहेत. पण जगभर त्यांचे नाव राहिले ते 'कन्झुल उम्माल फी सुननिल अक्वाल वल अफआल' या ग्रंथामुळे. अर्थ असा : उक्ती आणि कृतींच्या परंपरेतील, आचरण करणाऱ्यांसाठी ठेवा.

याचा कच्चा माल त्यांना आयता मिळाला होता. कैरोचे महापंडित जलालुद्दीन सुयूती (१४४५ ते १५०५) यांनी सर्व ज्ञात हदीस एकत्र करण्याचा घाट घातला होता. मात्र त्यांच्या ग्रंथाची मांडणी अडचणीची होती :

१. प्रेषितांच्या उक्ती हदीसच्या पहिल्या शब्दाप्रमाणे, अक्षरक्रमाने लावलेल्या होत्या.

२. कृतींविषयीच्या हदीस त्या सांगणाऱ्या सोबत्याच्या नावाखाली लावलेल्या होत्या.

म्हणजे पहिला शब्द किंवा सांगणाऱ्याचे नाव पाठ असेल तरच हदीस सापडणार. समजा, शेजाऱ्याशी कसे वागावे याविषयी एखाद्याला सर्व हदीस एकत्र पाहायच्या आहेत. त्याला संपूर्ण ग्रंथ चाळावा लागे. आपल्याकडे अभंगांची गाथा नुसत्या पहिल्या चरणाच्या क्रमाने लावली, तर 'संतसंगती' या विषयावरचे अभंग शोधताना जशी पंचाईत होईल, तशीच ही.

मुत्तकींनी सगळा संग्रह विषयवार लावला. तोही एका झटक्यात नव्हे, तर टप्प्याटप्प्याने. प्रथम सुयूतींचा लहान संग्रह आणि त्याची पुरवणी विषयवार लावून एक ग्रंथ केला. मग मोठ्या संग्रहातील उरलेल्या उक्ती लावून दुसरा. त्या दोहोंची जोडणी करून तिसरा. त्यानंतर कृतींचा भाग लावला, आणि शेवटी सर्व एकत्र करून 'कन्झुल उम्माल'. विषयांचा क्रम अरबी मुळाक्षरांप्रमाणे आहे. 'हज' ह अक्षराखाली, 'जकात' ज़ाखाली, 'सलात' (नमाज) आणि 'सौम' (रोजा) साद या अक्षराखाली. शेजाऱ्याचे हक्क 'सुहबत', म्हणजे संगत-सोबत या प्रकरणात सापडतात.

प्रत्येक हदीसच्या शेवटी ती कोणत्या मूळ संग्रहातून घेतली याची खूण असते. बुखारींसाठी 'ख', मुस्लिमसाठी 'म', अबू दाऊदसाठी 'द', तिर्मिझींसाठी 'त' अशी अक्षरे. पुढे सांगणाऱ्या सोबत्याचे नाव. आजच्या छापील आवृत्तीत हदीसचे क्रमांक ४६,६२४ पर्यंत जातात. सोळाव्या शतकात, हाती फक्त बोरू आणि कागद असताना, एवढे वर्गीकरण करणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी कधी ग्रंथालयाची सूची केली असेल त्यांना येईल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. 'कन्झुल उम्माल' हा शोध घेण्याचा ग्रंथ आहे, निवाड्याचा नव्हे. त्यात खात्रीच्या हदीस आहेत, तशा दुबळ्याही आहेत आणि काही बनावटही. संपूर्ण इस्नाद दिलेली नाही. म्हणून 'कन्झुल उम्मालमध्ये आहे' एवढ्यावरून कोणतीही हदीस खरी ठरत नाही. शेवटच्या खुणेवरून मूळ संग्रहाकडे जायचे आणि तिथे साखळी तपासायची, असा हा रस्ता आहे. जाणकार असेच करतात. फोनवर जे 'असे म्हटले आहे' थाटाचे निरोप सर्वच धर्मांच्या नावाने फिरतात, त्यांना ही चाळणी लावली तर बरेच काही गळून पडेल!

या ग्रंथाच्या छपाईचाही आपल्या मुलखाशी संबंध आहे. हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेने (स्थापना १८८८) तो १८९४ ते १८९७ या काळात पहिल्यांदा छापला. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडा होता, आणि बुऱ्हाणुद्दीन गरीबांचे खुलताबादही.

दुसरी बाजू

चरित्र लिहायचे तर सर्व लिहिले पाहिजे. सय्यद मुहंमद जौनपुरी (१४४३ ते १५०५) यांनी आपण 'महदी', म्हणजे अखेरच्या काळात येणारे मार्गदर्शक असल्याचे जाहीर केले होते. त्यांचे अनुयायी महदवी. साधे राहणे, मिळेल ते वाटून खाणे, यामुळे गुजरात-दख्खनमध्ये त्यांना पुष्कळ अनुयायी मिळाले. अली मुत्तकींना हा दावा मान्य नव्हता. महदीविषयीच्या हदीस गोळा करून त्यांनी त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. तो विद्वानाचा मार्ग झाला. पण ते तिथे थांबले नाहीत. मक्केतील चारही सुन्नी पंथांच्या मुफ्तींकडून त्यांनी महदवींविरुद्ध फतवे मिळवले, आणि त्यांत मत न सोडणाऱ्यांना देहदंडापर्यंतची भाषा होती.

या वादाची झळ दोन्ही बाजूंना बसली. महदवींचा छळ झाला. तर मुत्तकींचे थोर शिष्य, पाटणचे मुहंमद ताहिर पटनी (१५०८ ते १५७८), अकबराकडे दाद मागायला निघाले असता उज्जैनच्या परिसरात महदवींकडून मारले गेले. हे ताहिर पटनी बोहरा समाजातले. हदीसमधील अवघड शब्दांचा कोश आणि बनावट हदीसांची यादी, अशी दोन मोठी कामे त्यांच्या नावावर आहेत. अहमदनगरच्या निजामशाहीत तर १५८९ ते १५९१ मध्ये जमालखान या महदवी सरदाराच्या हाती सत्ता होती. बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या लढाईत तो पडला, आणि त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांत बुऱ्हाणपूरचा राजे अलीखान फारुकी होता.

आम्हांला हे विसंगत वाटते आणि ते तसेच सांगणे योग्य वाटते. स्वतः उपाशी राहून परक्या विद्यार्थ्याला शाई देणारा माणूस मतभेदाच्या बाबतीत इतका कठोर असू शकतो. दुसऱ्याचे शब्द जपण्यात आयुष्य घालवले, म्हणून दुसऱ्याचे मत सहन करणे आपोआप येत नाही. कोणत्याही धर्माच्या इतिहासात असे दाखले सापडतात.

शिष्यपरंपरा

मुत्तकींचे सर्वांत जवळचे शिष्य अब्दुल वहाब मुत्तकी. जन्म मांडूचा, बालपण बुऱ्हाणपूरचे. पोरकेपण आणि सुंदर हस्ताक्षर, या दोन्ही गोष्टी गुरूसारख्याच! १५५६ च्या सुमारास ते मक्केला पोचले आणि गुरूंच्या अखेरपर्यंत, सुमारे बारा वर्षे, त्यांच्याजवळ राहिले. गुरूंच्या पश्चात त्यांनी घर आणि अध्यापन दोन्ही चालवले. त्यांच्याचकडे दिल्लीचे शेख अब्दुल हक (१५५१ ते १६४२) शिकले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी दीर्घकाळ हदीस शिकवली आणि फारसीतून लिहिली. उत्तर हिंदुस्थानात हदीसचा अभ्यास रुजवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. या साखळीची सुरुवात तापीकाठी आहे.

तापीपासून मलय देशापर्यंत

आता आपल्या सिंगापूरच्या वाचकांना विशेष वाटेल असा भाग.

बुऱ्हाणपूरचेच मुहंमद बिन फझलुल्लाह (मृत्यू १६२०) हेही मक्केत अली मुत्तकींच्या सहवासात राहून आले, असे चरित्रकार सांगतात. त्यांनी १५९० च्या सुमारास 'तुहफा' या नावाने ओळखला जाणारा छोटासा अरबी ग्रंथ लिहिला. ईश्वर आणि सृष्टी यांचे नाते सात पायऱ्यांत समजावणारा हा सूफी ग्रंथ थोड्याच वर्षांत सुमात्रातील आचेला पोचला. तिथले शम्सुद्दीन (मृत्यू १६३०) यांच्या शिकवणीत या सात पायऱ्या आल्या, पुढे जावामध्ये त्याचे पद्यरूप झाले. मलय जगात 'मर्ताबत तुजुह' म्हणून हा विचार आजही अभ्यासकांना ठाऊक आहे.

तापी बुऱ्हाणपूरहून जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून वाहत सुरतेला समुद्राला मिळते. तिथे सुरतेसमोर रांदेर आहे. रांदेरचे नुरुद्दीन रानिरी (मृत्यू १६५८) १६३७ ते १६४४ या काळात आचेच्या दरबारी होते. त्यांनी मलय भाषेत हदीसचा संग्रह तयार केला. मलय भाषेतील हा सर्वांत जुन्या हदीस-संग्रहांपैकी एक. शम्सुद्दीन यांच्या परंपरेशी त्यांचा तीव्र वाद झाला आणि त्यात ग्रंथ जाळले गेले. तापीच्या वरच्या काठावरून आलेल्या विचाराला तापीच्या मुखाजवळच्या माणसाने विरोध केला, आणि तो झाला सुमात्रात! त्यांच्यानंतर आचेचे अब्दुर्रऊफ सिंकेली (मृत्यू १६९३) यांनी इमाम नववींच्या चाळीस हदीसांवर मलय भाष्य लिहिले. आपल्या मलय शेजाऱ्यांच्या घरांत 'चाळीस हदीस' माहीत असतात, त्यामागे ही परंपरा आहे.

आणखी एक दुवा. मलय मुसलमान शाफिई पंथाचे आहेत. आपल्या कोकणातील मुसलमान बांधवही शाफिईच. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुस्लिम कुटुंब सेम्बावांगला आले, तर नमाजाच्या रीतीत त्यांना दिल्ली-लखनौपेक्षा इथे अधिक घरच्यासारखे वाटेल. अरबी समुद्रावरील व्यापाराने हे दोन किनारे कधीच जोडले होते.

थोडक्यात जीवनपट

- सुमारे १४८० : बुऱ्हाणपूर येथे जन्म
- बालपणी : शाह बाजन यांचे शिष्यत्व
- तरुणपणी : मांडूला नोकरी, नंतर त्याग
- त्यानंतर : मुलतानला दोन वर्षे अभ्यास, मग अहमदाबाद
- १५३५ च्या सुमारास : हेजाझला प्रयाण
- १५४० च्या सुमारास : मक्केत शारानींशी भेट
- सोळाव्या शतकाच्या मध्यास : 'कन्झुल उम्माल' पूर्ण
- १५३७ ते १५५४ दरम्यान : महमूदशाहाच्या काळात दोनदा गुजरातला
- १५६७ : मक्केत निधन
- १८९४ ते १८९७ : हैदराबादला ग्रंथाची पहिली छपाई

गावी गेलात तर

सुटीत जळगाव-भुसावळकडे जाणाऱ्यांनी बुऱ्हाणपूरसाठी एक दिवस जरूर काढावा. भुसावळहून रेल्वेने ते सुमारे ५५ कि.मी. आहे आणि मुंबई-इटारसी मार्गावरील अनेक गाड्या तिथे थांबतात. अली मुत्तकींची कबर मक्केत असल्याने त्यांचे स्मारक शोधू नये. पण राजे अलीखान फारुकीने बांधलेली जामा मशीद अवश्य पाहावी. १५९० च्या सुमाराच्या या मशिदीत अरबी शिलालेखासोबत संस्कृत शिलालेखही आहे, आणि त्यात शक व विक्रम संवताप्रमाणे तिथी दिली आहे. मुलांना तो दाखवावा. पाठ्यपुस्तकातील दहा पानांपेक्षा तो जास्त सांगतो. तिथून असीरगड सुमारे २० कि.मी. आहे.

रावेर, बुऱ्हाणपूर, खंडवा या भागातील काही कुटुंबे आपल्यात आहेत, असे आम्ही ऐकतो. गावातील जुने मोहल्ले, मराठी वाडे, मशिदी याविषयी आपल्याकडे माहिती किंवा जुनी छायाचित्रे असतील तर पुढील अंकासाठी जरूर पाठवावीत. फक्त एक विनंती : माहिती कुणाकडून ऐकली, त्यांनी कुणाकडून ऐकली, हेही सोबत लिहावे. अली मुत्तकींच्या गावची माहिती आहे, साखळी पाहिजेच!